समूहनृत्याच्या स्पर्धा : निकालासोबत कारणही हवे

जानेवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम येथे झालेल्या ६३ व्या केरळ राज्य शालेय कलोत्सवात त्रिशूर जिल्ह्याने १,००८ गुणांसह सुवर्णचषक पटकावला. दुसऱ्या क्रमांकावरील पालक्काड जिल्ह्याचे गुण होते १,००७. पाच दिवस, २५ रंगमंच आणि २४९ स्पर्धाप्रकार एवढ्या विस्तारानंतर दोन जिल्ह्यांमध्ये अवघ्या एका गुणाचे अंतर उरले. या महोत्सवात ‘ए’ श्रेणीला ५, ‘बी’ श्रेणीला ३ आणि ‘सी’ श्रेणीला १ गुण मिळतो. म्हणजे कोणत्याही एका रंगमंचावरील परीक्षकांनी एखाद्या संघाला ‘ए’ऐवजी ‘बी’ श्रेणी दिली असती, तरी चषक दुसऱ्या जिल्ह्याकडे गेला असता.

त्रिशूरच्या यशाचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र, परीक्षकांच्या लेखणीवर किती मोठा भार असतो, हे या आकड्यांतून स्पष्ट होते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निर्णय देते, नृत्यात माणूस निर्णय देतो. तो निर्णय निःपक्षपाती कसा ठेवावा आणि हरलेल्या संघालाही त्यातून काही शिकता यावे यासाठी काय करावे, हा प्रश्न आता केवळ कलाशिक्षकांपुरता राहिलेला नाही.

स्पर्धांचे वाढते महत्त्व

गेल्या काही दशकांत देशात समूहनृत्याला स्पर्धेच्या माध्यमातून मोठे व्यासपीठ मिळाले आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवांमध्ये समूह लोकनृत्य हा मानाचा प्रकार मानला जातो. शालेय विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये ‘कला उत्सव’ सुरू केला. जानेवारी २०२४ मध्ये नाशिक येथे भरलेल्या २७ व्या राष्ट्रीय युवा महोत्सवातही राज्याराज्यांतील लोकनृत्य पथके सहभागी झाली होती. २०२२ च्या प्रजासत्ताक दिन संचलनासाठी तर संरक्षण आणि सांस्कृतिक मंत्रालयांनी ‘वंदे भारतम्’ ही देशव्यापी स्पर्धा घेतली. संचलनातील नर्तकांची निवड अशा स्पर्धेतून होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यातून ४८० नर्तकांना राजपथावर नृत्य सादर करण्याची संधी मिळाली. त्याच वर्षी पुढे या मार्गाचे नाव कर्तव्यपथ असे झाले.

खासगी क्षेत्रातही हेच चित्र दिसते. मुंबईजवळच्या वसई परिसरातील तरुणांच्या ‘द किंग्ज’ या पथकाने २०१९ मध्ये अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली. दहा लाख डॉलरचे पारितोषिक आणि जगभर ओळख त्यांना मिळाली. सामान्य घरांतील मुलांसाठी स्पर्धा हा उपजीविकेचा मार्ग ठरू शकतो, हे या यशाने दाखवून दिले.

संचलनातील स्थान, परीक्षेतील वाढीव गुण, नृत्यप्रशिक्षकाची प्रतिष्ठा आणि कधी कधी पुढील रोजगार, अशा अनेक गोष्टी आज निकालावर अवलंबून असतात. निकालाचे महत्त्व ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने परीक्षणाची पद्धत सुधारलेली नाही. बहुसंख्य स्पर्धांमध्ये आजही एक छापील कागद, त्यावर चार-पाच रकाने आणि शेवटी एकूण गुण एवढाच परीक्षणाचा पुरावा असतो.

केरळचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप केरळमध्ये पाहावयास मिळते. १९५७ मध्ये सुरू झालेल्या शालेय कलोत्सवाने त्या राज्याला अनेक नामवंत कलावंत दिले. १९८६ पासून सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कलाप्रतिभा’ आणि विद्यार्थिनीला ‘कलातिलकम्’ हे किताब दिले जात असत. या किताबांभोवतीची चुरस, पालकांचा खर्च आणि वाद इतके वाढले की २००६ पासून ते बंद करण्यात आले आणि भर श्रेणीपद्धतीवर आला. एका विजेत्याचा गौरव करण्यापेक्षा अनेकांच्या गुणवत्तेची नोंद व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

तरीही तणाव निवळला नाही. श्रेणीसोबत शालान्त परीक्षेतील वाढीव गुण जोडलेले असल्याने निकालाविरुद्ध अपील करण्याची प्रथा रूढ झाली. जिल्हा स्तरावर डावलले गेल्याची भावना असलेले संघ अपील समितीकडे आणि तेथे समाधान न झाल्यास न्यायालयाकडे धाव घेऊ लागले. अपयश स्वीकारण्याची मानसिक तयारी नसलेले पालक मुलांनाच नैराश्याकडे लोटू शकतात, अशा आशयाचे निरीक्षण केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नोंदविले होते.

न्यायालयाचे हे निरीक्षण पालकांना उद्देशून होते. त्याची दुसरी बाजू आयोजकांनी विचारात घ्यावी अशी आहे. ‘आम्हाला कमी गुण का मिळाले?’ या साध्या प्रश्नाला स्पर्धेच्या ठिकाणीच उत्तर मिळत नसेल, तर तो प्रश्न अन्यत्र विचारला जाणे स्वाभाविक आहे. अपिलांची गर्दी ही काही अंशी पालकांच्या हट्टाची, तर काही अंशी परीक्षणातील मौनाची निष्पत्ती आहे.

मार्च २०२४ मध्ये केरळ विद्यापीठाच्या युवक महोत्सवात या मौनाने गंभीर वळण घेतले. ‘मार्गंकळी’ या समूहनृत्याच्या निकालासाठी लाच घेतल्याचे आरोप झाले, पोलिसांत तक्रार दाखल झाली आणि महोत्सव अर्ध्यावर थांबविण्यात आला. काही दिवसांतच आरोप झालेल्या एका परीक्षकाने आपले जीवन संपविले. आपण निर्दोष असल्याचे त्यांनी चिठ्ठीत लिहून ठेवले होते. त्या वेळी आरोप सिद्ध झालेले नव्हते. पारदर्शक पद्धतीअभावी केवळ स्पर्धकांचेच नुकसान होत नाही, परीक्षकही असुरक्षित राहतो, याची ही वेदनादायक आठवण आहे. निर्णयाची कारणे त्याच वेळी नोंदविलेली असतील, तर अप्रामाणिक परीक्षकाला लपणे कठीण जाते आणि प्रामाणिक परीक्षकाच्या हाती बचावाचा आधार राहतो.

समूहनृत्याचे परीक्षण अवघड का?

एकल नृत्यात परीक्षकाची नजर एका देहावर स्थिर असते. समूहनृत्यात आठ, दहा किंवा बारा नर्तक एकाच वेळी रंगमंचावर असतात. पुढच्या रांगेतील कुशल नर्तकामुळे मागच्या रांगेतील चुका झाकल्या जाऊ शकतात. याउलट, एका नर्तकाचा तोल गेल्याचे दृश्य मनात घर करते आणि उरलेल्या अकरा जणांच्या परिश्रमांवर पाणी पडते. पहिल्या संघाला गुण देताना परीक्षक हात आखडता घेतात आणि शेवटच्या संघापर्यंत थकलेले असतात, हा अनुभवही अनेक आयोजकांना परिचित आहे.

दुसरी अडचण प्रकारांच्या वैविध्याची आहे. मार्गंकळी हा केरळच्या सीरियन ख्रिस्ती समाजाचा नृत्यप्रकार असून त्यात नर्तक मध्यभागी तेवणाऱ्या दिव्याभोवती फेर धरतात. ओप्पना हा मापिळा मुस्लिम समाजातील विवाहप्रसंगीचा प्रकार आहे. त्यात नववधूभोवती टाळ्यांच्या तालावर नृत्य केले जाते. एका प्रकारात फेराची शिस्त महत्त्वाची, तर दुसऱ्यात टाळीचा ठेका आणि प्रसंगाचा भाव महत्त्वाचा. दोन्हींना ‘वेशभूषा, ताल, एकसंधता, सादरीकरण’ अशा एकाच साच्यातील रकाने लावले, तर परीक्षक आपापल्या समजुतीनुसार ते भरणार, हे उघड आहे.

२०२५ च्या कलोत्सवात मंगलंकळी, पणियनृत्यम्, इरुळनृत्यम्, पळियनृत्यम् आणि मलपुलयाट्टम् या पाच आदिवासी कलाप्रकारांचा प्रथमच समावेश झाला. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी त्यासोबत एक प्रश्नही उपस्थित होतो. ज्या समाजाने हे नृत्य जपले, त्या समाजातील जाणकार परीक्षकांच्या आसनावर नसतील, तर शहरी रंगमंचाची चमक हाच निकष ठरण्याचा धोका संभवतो. ‘वंदे भारतम्’ स्पर्धेतही शास्त्रीय, लोक, आदिवासी आणि मिश्र अशा चार शैलींतील पथके होती. लोकनृत्याला वेगवान रचना आणि कसरतींची जोड दिली की टाळ्या मिळतात. टाळ्या मिळतात म्हणून गुण मिळाले, तर पुढच्या वर्षी सर्वच पथके त्या दिशेने वळतात. अशा रीतीने परीक्षकांचा निर्णय परंपरेलाही हळूहळू वळण देत असतो.

बेरजेत दडलेला अन्याय

परीक्षक प्रामाणिक आणि जाणकार असले, तरी गुणांची बेरीज करण्याच्या पद्धतीमुळे निकाल विपरीत लागू शकतो. एक काल्पनिक उदाहरण पाहू. तीन परीक्षक आहेत आणि प्रत्येकाकडे १०० गुण आहेत. पहिल्या संघाला दोन परीक्षकांनी प्रत्येकी ८२ गुण दिले, तिसऱ्याने ६०. दुसऱ्या संघाला पहिल्या दोघांनी अनुक्रमे ७६ आणि ७७ गुण दिले, तिसऱ्याने ९०. पहिल्या संघाची बेरीज २२४ आणि दुसऱ्याची २४३ होते. तीनपैकी दोन परीक्षकांना पहिला संघ सरस वाटला, तरी विजय दुसऱ्या संघाचा झाला.

यात कोणीही लबाडी केलेली नाही. पहिले दोन परीक्षक सावधपणे मोजक्या अंतराने गुण देणारे होते, तिसरा सढळ आणि कठोर अशा दोन्ही टोकांना जाणारा होता. ज्याच्या गुणांमध्ये अंतर अधिक, त्याचे मत बेरजेत आपोआप जड होते. पक्षपात करू इच्छिणाऱ्यासाठी हीच पळवाट ठरते.

यावर उपाय उपलब्ध आहेत. बॉलरूम नृत्याच्या स्पर्धांमध्ये अनेक दशकांपासून ‘स्केटिंग पद्धत’ वापरली जाते. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षक स्पर्धकांना क्रमांक देतो आणि बहुसंख्य परीक्षकांचा कौल ज्याच्या बाजूने, तो विजयी ठरतो. वरील उदाहरणात या पद्धतीने पहिला संघ जिंकला असता. परीक्षक पाच किंवा अधिक असतील, तर सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढता येते. या दोन्ही पद्धतींसाठी कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे.

जगातील दोन अनुभव

परीक्षणाच्या वादातून पद्धत बदलण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फिगर स्केटिंगचे आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीच्या प्रकारात रशियाची जोडी पाच विरुद्ध चार अशा मतांनी विजयी ठरली. आपल्यावर दबाव होता, असे फ्रेंच परीक्षकाने सांगितल्याचे उघड झाल्यानंतर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले. त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारण्यात आली. तिच्यात तांत्रिक घटकांचे आणि कलात्मक सादरीकरणाचे गुण स्वतंत्रपणे नोंदविले जातात.

या सुधारणांमधील एक प्रयोग मात्र फसला. परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून कोणी किती गुण दिले, हे गुप्त ठेवण्यात येऊ लागले. त्यामुळे संशय कमी होण्याऐवजी वाढला. अखेर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने ही गुप्तता रद्द केली. नावासह गुण जाहीर होणे परीक्षकाला अडचणीचे वाटले, तरी विश्वासासाठी ते आवश्यक असल्याचे या अनुभवातून दिसून आले.

दुसरा अनुभव २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ब्रेकिंग या नृत्यप्रकाराचा आहे. तेथे नऊ परीक्षक होते आणि तंत्र, नृत्यसंग्रह, सादरीकरण, संगीताशी मेळ व मौलिकता या पाच निकषांना समान महत्त्व होते. ऑस्ट्रेलियाच्या रेचेल गन यांना तीनही लढतींत एकाही परीक्षकाचे मत मिळाले नाही आणि ‘शून्य गुण’ म्हणून जगभर त्यांची टिंगल झाली. वास्तविक, ती पद्धत तुलनात्मक होती. प्रतिस्पर्धी सरस ठरला, एवढाच त्या शून्याचा अर्थ होता. परीक्षकप्रमुखांनी पत्रकार परिषदेत हे स्पष्ट केले. गन यांची पातळी अन्य स्पर्धकांइतकी नसली, तरी काही नवे आणण्याचा त्यांचा प्रयत्न या कलेच्या स्वभावाला धरूनच होता, असेही त्यांनी सांगितले. तोपर्यंत टिंगल मात्र सर्वदूर पोहोचली होती. गुण कशाचे मोजमाप करतात, हे आधी सांगितले नाही, तर आकड्याचा अर्थ प्रेक्षक आपल्या मनाने लावतात.

अभिप्राय कसा असावा?

निःपक्षपातीपणा हा परीक्षणाचा एक भाग झाला. दुसरा भाग मार्गदर्शनाचा आहे आणि आपल्याकडे तोच अधिक उपेक्षित आहे. निकालानंतर परीक्षकांच्या मनोगतात ‘सर्वच संघ उत्तम होते, आम्हाला निर्णय घेणे अवघड गेले’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते सौजन्याचे असले, तरी त्यातून सहा महिने तालीम केलेल्या मुलांच्या हाती काहीच पडत नाही.

‘समन्वय कमी पडला’ हा शेरा पुरेसा नाही. ‘दुसऱ्या कडव्यानंतर वर्तुळातून दोन रांगा करताना डावीकडील तिघे समेवर पोहोचले नाहीत, त्या बदलासाठी चार मात्रा अधिक द्याव्यात’ हा शेरा उपयोगी आहे. त्यात काय दिसले, कोठे दिसले आणि काय करता येईल, या तीनही गोष्टी आहेत. पुढच्या तालमीत प्रशिक्षक तो थेट वापरू शकतो. विशेष म्हणजे, असा शेरा लिहिण्यासाठी परीक्षकाला नृत्य खरोखर लक्षपूर्वक पाहावे लागते. तपशीलवार कारण लिहिण्याची सक्ती ही आधी ठरवून ठेवलेल्या निकालावरील अंकुशही ठरते. म्हणूनच न्याय आणि मार्गदर्शन यांना परस्परांपासून वेगळे करता येत नाही.

अभिप्रायाच्या भाषेलाही मर्यादा असावी. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी परीक्षकाचे बोलणे हा मनोरंजनाचा भाग बनविला. अश्रू, अतिशयोक्ती आणि उपहास यांचा प्रभाव शाळा-महाविद्यालयांच्या रंगमंचावरही जाणवतो. मुलांच्या स्पर्धेत एखाद्याच्या अंगकाठीवर, रंगावर किंवा साध्या वेशभूषेवर टिप्पणी होणे सर्वथा अनुचित आहे. भाड्याने आणलेले महागडे दागिने आणि रंगमंचसज्जा यांना गुण देणे म्हणजे पालकांच्या ऐपतीला गुण देणे होय. वेशभूषेचा निकष ठेवायचाच असेल, तर ती नृत्यप्रकाराला अनुरूप आणि हालचालीला सोयीची आहे का, एवढेच पाहणे न्याय्य ठरेल.

अल्प खर्चात शक्य असलेल्या सुधारणा

मोठ्या महोत्सवांना संगणकीय यंत्रणा परवडते. परंतु दिल्ली, इंदूर, बडोदा, बेळगाव येथील महाराष्ट्र मंडळे, गणेशोत्सव समित्या आणि तालुक्याच्या शाळा यांनाही काही सुधारणा सहज अमलात आणता येतील.

पहिली, निकष आणि त्यांचा भारांश प्रवेशअर्जासोबतच छापून देणे. संघांना तालमीपूर्वीच ते ठाऊक असले पाहिजेत. दुसरी, परीक्षकांकडून हितसंबंधांचे लेखी निवेदन घेणे. स्पर्धक पथकाला गेल्या दोन-तीन वर्षांत शिकविलेल्या किंवा त्यात नातेवाईक असलेल्या व्यक्तीने त्या फेरीत परीक्षण करू नये. छोट्या गावात जाणकारांची संख्या मोजकी असते, त्यामुळे असे संबंध असणे हा दोष नव्हे. ते दडविणे हा दोष आहे.

तिसरी, स्पर्धेपूर्वी परीक्षकांनी एकत्र बसून जुन्या चित्रफितीतील एखाद्या नृत्याला स्वतंत्रपणे गुण देणे आणि त्यातील तफावतीवर चर्चा करणे. अर्ध्या तासाच्या या सरावाने निकषांचा अर्थ सर्वांसाठी समान होतो. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र प्रत्येकाने आपले गुण कोणाशीही न बोलता नोंदवावेत आणि प्रत्येक सादरीकरणानंतर गुणपत्रक लगेच जमा व्हावे. चौथी, संघांना नावाऐवजी क्रमांक देणे आणि सादरीकरणाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविणे. पाचवी, प्रत्येक सादरीकरणाचे एकाच जागेवरून ध्वनिचित्रमुद्रण करणे. हे काम आता भ्रमणध्वनीवरही होते आणि अपील आल्यास तोच पुरावा ठरतो.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे प्रत्येक संघाला परीक्षकनिहाय गुण आणि दोन-तीन वाक्यांचा लेखी अभिप्राय देणे. दोन संघांच्या मध्ये तीन मिनिटे राखून ठेवली, तर हे शक्य आहे. त्यासाठी संघांची संख्या मर्यादित ठेवावी लागली, तर तीही ठेवावी. एका दिवसात चाळीस नृत्ये उरकण्यापेक्षा पंचवीस नृत्ये नीट पाहणे स्पर्धेच्या उद्देशाशी अधिक सुसंगत आहे.

या सूचनांवर एक आक्षेप घेतला जातो. नावासह गुण आणि शेरे हाती दिले, तर परीक्षकांना धमक्या येतील आणि जाणकार मंडळी परीक्षणास नकार देतील, अशी भीती व्यक्त होते. ती निराधार नाही. त्यामुळे परीक्षकांच्या संरक्षणाची जबाबदारी आयोजकांनी घेतली पाहिजे. निकालानंतर स्पर्धकांनी परीक्षकांशी थेट संपर्क साधू नये, हरकत ठरावीक मुदतीत लेखी स्वरूपात आयोजकांकडेच द्यावी आणि रंगमंचाजवळ गोंधळ घालणाऱ्या संघावर कारवाई व्हावी, असे नियम आधीच जाहीर करता येतात. मात्र, भीतीपोटी कारणे दडवून ठेवली, तर संशय वाढतो आणि परीक्षकांचीच सुरक्षितता धोक्यात येते.

निष्कर्ष

कलेचे मूल्यमापन संपूर्णपणे वस्तुनिष्ठ होऊ शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. दोन रसिकांना एकच नृत्य वेगवेगळे भावेल आणि तसे होणे कलेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे. स्पर्धकांची अपेक्षाही परीक्षकाने चुकूच नये अशी नसते. त्याने लक्ष देऊन पाहावे, सर्वांना समान मापाने मोजावे आणि आपल्या निर्णयाचे कारण सांगावे, एवढेच त्यांना हवे असते.

प्रत्येक स्पर्धेत एक संघ चषक घेऊन घरी जातो आणि उरलेले सर्व संघ रिकाम्या हाताने परततात. ही बहुसंख्य मुले पुढच्या वर्षी पुन्हा तालमीला उभी राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी परतताना त्यांना काय सांगितले गेले यावर अवलंबून असते. आगामी महोत्सवांच्या आयोजकांनी पारितोषिकांच्या रकमेइतकाच या कागदाचाही विचार केला, तर अपिलांची संख्या घटेल आणि नृत्याचा दर्जाही उंचावेल, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे.